कीबोर्डच्या ठेक्यालाही खाली हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वाचकांच्या पत्रव्यवहारात नुकतेच एक पत्र वाचले. हळदीच्या कार्यक्रमापासून गणपतीच्या आरतीपर्यंत सगळीकडे आता कीबोर्डमधला तयार ठेका वाजतो, तो तासभर ऐकला की डोके भणभणते, आणि या यंत्रामुळे ढोलकी-तबलावाल्यांचा हात रिकामा झाला, अशी व्यथा त्यात मांडलेली होती. ही व्यथा मला पूर्ण मान्य आहे. कारण मात्र मान्य नाही. कीबोर्डमधला आपला ठेका निर्जीव वाटतो तो यंत्रामुळे नाही. ज्याने तो यंत्रात भरला त्याने ताल समजून घेतलेला नसतो आणि वादकाला शेजारी बसवून घेतलेले नसते, म्हणून तो तसा वाटतो. गेली अनेक वर्षे मी संगणकावर असे ठेके भरत आले आहे, त्यात झालेल्या चुका वादकांकडून सुधारून घेत आले आहे, त्या आधारावर हे सविस्तर लिहीत आहे.

मी सातारा जिल्ह्यातील एका शाळेत संगीत शिकवते. आमच्याकडे अजूनही कोणत्याही कीबोर्डला 'कॅसिओ'च म्हणतात, मग तो कोणत्याही कंपनीचा असो. शाळेत एक हार्मोनियम, एक कीबोर्ड आणि पुडी फाटलेली तबल्याची जोडी, एवढाच संसार आहे. समूहगीत बसवायचे, प्रार्थना घ्यायची, स्नेहसंमेलनात पंधरा नाच उभे करायचे, आणि प्रत्येक वेळी बाहेरून वादक बोलवायला पैसे नसतात. परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांतही गणपतीच्या दिवसांत हीच अडचण येते. पेटी वाजवणारा कोणीतरी सापडतो, ढोलकी वाजवणारा सापडतोच असे नाही. अशा ठिकाणी कीबोर्डचा ठेका वादकाला हटवून आलेला नसतो, तो रिकाम्या जागेवर आलेला असतो. म्हणूनच तो चांगला असायला हवा, हा माझा आग्रह आहे.

पहिला केहरवा मी भरला तो प्रसंग सांगते. संगणकावरच्या सिक्वेन्सर सॉफ्टवेअरमध्ये ताल भरण्याची जागा एखाद्या कोष्टकासारखी असते. आडव्या ओळी म्हणजे वाद्ये किंवा त्यांचे बोल, उभे रकाने म्हणजे काळ. ज्या चौकटीवर टिचकी मारावी तिथे तो आघात वाजतो. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये एका आवर्तनाला, म्हणजे तालाच्या एका फेरीला, १६ चौकटी आपोआप मांडून मिळतात. रोलंड कंपनीच्या १९८० सालच्या टीआर-८०८ या ताल-यंत्रावर १६ बटणांची एक ओळ होती, त्याच घडणीची ही मांडणी आहे. केहरवा आठ मात्रांचा, त्यामुळे तो या १६ चौकटींत नेमका बसतो. मी पहिल्या चार मात्रा भरल्या, त्या तशाच उचलून पुढच्या चार मात्रांवर चिकटवल्या, वर घुंगरू टाकले आणि मोठ्या समाधानाने आमच्या गावातल्या एका ज्येष्ठ ढोलकीवादकांना ऐकवले. सगळे गाव त्यांना अण्णा म्हणते. त्यांनी दोन आवर्तने ऐकली आणि विचारले, "बाई, ह्यात खाली कुठं हाय?"

खाली, म्हणजे तालातला रिकामा मानला जाणारा भाग, नव्हतीच. केहरव्याचा ठेका 'धा गे ना ती । न क धी न' असा आहे. पहिल्या अर्ध्यात 'धा' आणि 'गे' यांवर डग्गा, म्हणजे तबल्याच्या जोडीतले डाव्या हाताचे खर्जाचे वाद्य, घुमतो. पाचव्या मात्रेवर खाली येते, तिथे 'न क' म्हणताना डग्ग्याचा घुमारा बंद असतो, आणि सातव्या मात्रेच्या 'धी'बरोबर तो परत येतो आणि समेची, म्हणजे पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेची, ओढ लावतो. भरलेले, रिकामे, पुन्हा भरलेले अशा या हालचालीमुळेच आठ मात्रांचे ते चक्र कंटाळा न आणता तासभर फिरू शकते. मी चार मात्रांची नक्कल चिकटवली, त्या क्षणी केहरव्याचे आठ मात्रांचे चक्र मोडले आणि चार मात्रांचा एक ठोकळा तेवढा उरला. बाजारात मिळणाऱ्या तयार 'रिदम'पैकी कितीतरी आज याच प्रकारचे आहेत. ऐकणाऱ्याला काय चुकले ते सांगता येत नाही, पण डोके भणभणते ते याने.

भजनी ठेक्यात तर ही गोष्ट आरशासारखी स्वच्छ दिसते. 'धिं ऽ ना धिं ऽ धिं ना ऽ' हा पहिला भाग आणि 'तिं ऽ ना तिं ऽ तिं ना ऽ' हा दुसरा. उजवा हात दोन्हीकडे जवळजवळ तेच करतो. फरक आहे तो डग्ग्याचा. सॉफ्टवेअरमध्ये दुसऱ्या भागातल्या डग्ग्याच्या नोंदी नुसत्या पुसल्या तरी ठेका जागा होतो, आणि खालीच्या अखेरीस डग्ग्याची एखादी हलकी थाप टाकली की सम जवळ आल्याची चाहूल लागते. काम दोन मिनिटांचे आहे. ते करायचे असते हे मात्र माहीत असावे लागते.

रूपकाची कथा याहून दुःखद आहे. सात मात्रांच्या या तालात समेवरच खाली असते: 'ती ती ना । धी ना । धी ना'. डग्गा बोलतो तो चौथ्या आणि सहाव्या मात्रेवर. पाश्चात्त्य ढंगाच्या पॅटर्नची सवय झालेला प्रोग्रॅमर मात्र 'पहिल्या ठोक्यावर किक' हा नियम डोळे झाकून लावतो आणि रूपकाच्या पहिल्या मात्रेवर घसघशीत खर्जाचा आघात ठेवून देतो. त्या एका आघाताने रूपकाचा सगळा डौल जातो, आणि गाणाऱ्या मुलाला सम कुठे आहे याचा चुकीचा संस्कार मिळतो. शिक्षक म्हणून मला ही दुसरी गोष्ट अधिक लागते. ज्या मुलाने रोज असा रूपक ऐकला, त्याला पुढे तबल्याच्या साथीने गाताना अडखळायला होते आणि दोष त्याच्या लयीला दिला जातो. शिवाय साध्या कीबोर्डांवर सात मात्रांचा ताल भरण्याची सोयही बहुधा नसते. संगणकावर ती असते. १६ चौकटींऐवजी रूपकाला १४, दादऱ्याला १२, झपतालाला २० चौकटी घेतल्या की काम होते. आधी १६ चौकटी धरून त्यांत ताल कोंबायचा, हा उलटा क्रम सोडला पाहिजे.

आता लयीबद्दल. वादकाने पॅडवर किंवा कीबोर्डच्या पट्ट्यांवर वाजवलेला ठेका सॉफ्टवेअर नोंदवून घेते, आणि मग एका बटणाने सगळे आघात जवळच्या रेषेवर ओढून बसवता येतात. याला 'क्वांटाइझ' म्हणतात. ही सोय नवी नाही; रॉजर लिन यांच्या १९८० सालच्या एलएम-१ या ताल-यंत्रातही ती होती, आणि त्यांनीच सोबत झुकती लय साधण्याची सोयही दिली होती, हे विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. ज्याने आघात ओळीत बसवले, त्यालाच ते ओळीतून किंचित सरकवण्याची गरजही जाणवली होती. आपण पहिले बटण उचलले आणि दुसरे विसरलो.

हे सरकवणे किती बारीक असते ते पाहावे. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये एका ठोक्याचे ४८० भाग केलेले असतात. ठोक्यांची गती मिनिटाला ९० ठेवली, तर एक ठोका सुमारे ६६७ मिलिसेकंदांचा होतो आणि एक भाग १.४ मिलिसेकंदांपेक्षाही कमी. एका ठोक्यात दोन आघात अगदी सरळ वाटले तर २४० आणि २४० अशी वाटणी होते. तिपटीच्या अंगाने वाटले तर ३२० आणि १६० अशी. लावणीच्या चालीत ढोलकीचा हात या दोहोंच्या मध्ये कुठेतरी पडत असतो, आणि नेमका कुठे ते वादकागणिक, लयीगणिक, इतकेच काय पण त्याच गाण्याच्या अंतऱ्यात आणि पालुपदातही बदलते. ती जागा कोणत्याही पुस्तकात सापडत नाही. वादकाने वाजवावे, आपण त्याची नोंद न पुसता वाचावी, एवढाच मार्ग आहे. मी आता समेचे आघात तेवढे रेषेजवळ आणते, कारण ठेका पुन्हापुन्हा फिरताना सांध्याच्या जागी खड्डा जाणवता कामा नये. बाकीचे वादकाने जिथे ठेवले तिथेच राहू देते.

आघाताच्या जोराचेही तसेच आहे. मिडी म्हणजे वाद्ये आणि संगणक यांनी एकमेकांशी बोलण्याची आकड्यांची भाषा; या पद्धतीत प्रत्येक आघाताचा जोर १ ते १२७ या आकड्यांत नोंदवला जातो. माऊसने टिचकी मारून भरलेल्या ठेक्यात सगळ्या आघातांना बहुधा एकच आकडा मिळतो, आणि मग तबल्याची चाट (कड), लव (कड आणि शाई यांमधला भाग) आणि नुसती बोटांची भरणी यांचा आवाज सारखाच येतो. तबलजी समोर बसलेला असताना ज्या आघातांकडे आपले लक्षही जात नाही, त्या दबक्या भरणीच्या आघातांवरच ठेका तरंगत असतो. त्यांना ३०-४० च्या आसपास ठेवावे, समेला १०० च्या पुढे न्यावे, हा माझा अंदाज आहे. नियम म्हणून सांगत नाही, कारण प्रत्येक कीबोर्ड त्या आकड्यांना वेगळा प्रतिसाद देतो. एकच आवाज पुन्हापुन्हा वाजला की कानाला तो लगेच कळतो, म्हणून एकाच बोलाचे तीन-चार वेगवेगळे नमुने ध्वनिमुद्रित करून आलटून-पालटून वापरता आले तर फार बरे.

डग्ग्याचा घिस्सा हा या कामातला सर्वांत अवघड आणि मला सर्वांत प्रिय भाग आहे. मनगट सरकवून डग्ग्याचा स्वर वर चढवला जातो, तेव्हा ठेका बोलू लागतो. मिडीमध्ये स्वर असा सरकवण्याची सोय आहे, पण ती एका वाहिनीतल्या (चॅनेलमधल्या) सगळ्या आवाजांना एकदम लागू होते. तालवाद्यांसाठी रूढ असलेल्या दहाव्या वाहिनीवर डग्गा, चाट आणि घुंगरू एकत्र ठेवले आणि घिस्सा दिला, तर डग्ग्याबरोबर घुंगरूही वर चढतात. म्हणून डग्गा वेगळ्या वाहिनीवर न्यावा लागतो. तिथेही दोन खाचा आहेत. स्वर सरकवण्याचा नेहमीचा पल्ला वर-खाली दोन अर्धस्वरांचा असतो, तो घिश्शाला अपुरा पडतो आणि आधी वाढवून घ्यावा लागतो. आणि कीबोर्डच्या 'स्टाईल'मध्ये, म्हणजे आपोआप वाजणाऱ्या तयार साथीत, दहाव्याखेरीजच्या बहुतेक वाहिन्या डाव्या हाताने धरलेल्या कॉर्डप्रमाणे (स्वरसमूहाप्रमाणे) आपला स्वर बदलतात, त्यामुळे वेगळ्या वाहिनीवरचा डग्गा कॉर्ड बदलताच खालीवर उडी मारतो. त्या वाहिनीला कॉर्डपासून मुक्त ठेवण्याची सूचना फाईलमध्ये द्यावी लागते. ही एक गोष्ट समजायला मला महिना लागला. नव्याने शिकणाऱ्याचा तो महिना वाचावा म्हणून इथे लिहिले.

सुराचा प्रश्नही याच्याच जोडीचा. गायक काळी चार या पट्टीत गाणार असेल तर तबलजी तबला त्या सुरात लावून घेतो. कीबोर्डवर आपण स्वर बदलण्याचे बटण दाबतो, सगळी वाद्ये नव्या पट्टीत जातात, तालवाद्यांचा संच मात्र जागेवरच राहतो. पाश्चात्त्य ड्रमला याने काही बिघडत नाही. चाटीचा स्पष्ट स्वर असलेल्या तबल्याला मात्र बिघडते, आणि गाणे ऐकणाऱ्याला काहीतरी खुपत राहते. काही कीबोर्डांत तालवाद्यांच्या संचातल्या एकेका आवाजाचा स्वर स्वतंत्रपणे बदलता येतो; तशी सोय असेल तर ठेका भरतानाच निरनिराळ्या पट्ट्यांसाठी वेगळ्या प्रती करून ठेवाव्यात. पांढरी एक, काळी दोन, पांढरी चार, काळी चार आणि काळी पाच एवढ्या केल्या तरी आमच्या शाळेचे काम भागते.

यानंतरचा मुद्दा केवळ प्रोग्रॅमरच्या हातातला नाही, आणि म्हणूनच तो वृत्तपत्रातून मांडावासा वाटला. निरनिराळ्या कंपन्यांची वाद्ये एकमेकांशी बोलू शकावीत म्हणून १९८३ साली मिडी ही पद्धत आली. इकुतारो काकेहाशी आणि डेव्ह स्मिथ यांचा तिच्यात मोठा वाटा होता. पुढे १९९१ साली 'जनरल मिडी' या नावाने आवाजांचे क्रमांकही ठरवण्यात आले. त्या यादीतल्या १२८ वाद्यांत सतार १०५ व्या आणि सनई ११२ व्या क्रमांकावर आहे. तालवाद्यांचे ४७ आवाज ३५ ते ८१ या स्वरक्रमांकांवर ठरले. त्यांत बोंगो आहे, कोंगा आहे, काबासा आहे, ब्राझीलची कुईका आहे, पण तबला, ढोलक, पखवाज यांपैकी एकही नाही. म्हणजे पाश्चात्त्य ड्रममधला किक सगळ्या जगात ३६ वर आणि स्नेअर ३८ वर सापडतो, पण 'धा' कुठे ठेवायचा हे कोणीच ठरवलेले नाही. यामाहाने भारतासाठी काढलेल्या पीएसआर-आय मालिकेत भारतीय तालवाद्ये आली, कॅसिओनेही भारतासाठी वेगळी मॉडेल काढली, ही समाधानाची गोष्ट आहे. पण एका कीबोर्डसाठी भरलेला ठेका दुसऱ्या कीबोर्डवर जसाच्या तसा वाजेल, याची खात्री कोणीही देऊ शकत नाही.

याचा फटका मी एका स्नेहसंमेलनात अनुभवला आहे. मुलींचे लावणीनृत्य होते. ढोलकीचा ठेका मी आठ दिवस खपून भरला होता आणि अण्णांनी तो पसंतही केला होता. आदल्या रात्री आमचा कीबोर्ड बंद पडला आणि दुसऱ्या संस्थेचा, वेगळ्या बनावटीचा कीबोर्ड उसना आणला. रंगमंचावर फाईल लावली तर ढोलकीच्या शाईच्या (उंच स्वराच्या पुडीच्या) जागी कोंगा, थापेच्या जागी झांज आणि घुंगरांच्या जागी शिट्टी वाजू लागली. मुली घुंगरू बांधून उभ्या होत्या. त्यांनी त्या गोंधळातही पावले सोडली नाहीत, शेवटी मी ठेका बंद करून टेबलावर हाताने ठेका धरला आणि नाच पार पडला. त्या मुलींचे चेहरे मी विसरलेले नाही. तेव्हापासून प्रत्येक फाईलबरोबर कोणत्या स्वरावर कोणता बोल आहे याचा कागद मी जोडत आले आहे. पण माझा कागद माझ्यापुरता. असा कागद सर्वांचा मिळून एकच असायला हवा.

वाद्यागणिक अडचणी वेगळ्या आहेत आणि त्या त्या वाद्याच्या माणसालाच ठाऊक असतात. ढोलकीच्या शाईचा टणत्कार आणि धुमेचा, म्हणजे खर्जाच्या बाजूचा, घुमारा वेगवेगळ्या ध्वनिग्राहकांवर मुद्रित केले नाहीत तर फडातली ढोलकी डब्यासारखी वाजते. पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लावलेली असते. कणीक वाळत जाते तसा तिचा नाद बदलतो, म्हणून सगळे बोल एकाच बैठकीत मुद्रित करावे लागतात. वारकरी भजनातल्या टाळांवर तर सॉफ्टवेअरवाल्यांनी फार अन्याय केला आहे. एका टाळाचा एक आवाज घेऊन तो प्रत्येक मात्रेवर ठोकला की घड्याळाचा गजर तयार होतो. वीस टाळकरी उभे असतात तेव्हा त्यांचे टाळ एकाच क्षणी पडत नाहीत. ते किंचित मागेपुढे पडतात, काही दाबलेले असतात, काही मोकळे वाजतात, आणि त्या पसरट नादातूनच भजनाचा भार तयार होतो. मी पाच वेगवेगळ्या जोड्या मुद्रित करून प्रत्येकीला थोडी वेगळी वेळ आणि वेगळा जोर दिला, तेव्हा कुठे आमच्या भजनी मंडळातल्या काकांनी मान डोलावली. गोव्याचे घुमट, ज्याला तिथल्या सरकारने २०१९ मध्ये वारसावाद्य म्हणून मान दिला, त्याच्याबाबतीत तर आणखीच जपावे लागेल: मातीच्या भांड्याच्या एका तोंडावर चामडे, दुसरे तोंड मोकळे, आणि त्या मोकळ्या तोंडावरच्या हाताच्या उघडझापीने बदलणारा घुमार. तो एका नमुन्यात पकडता येत नाही. संबळ आणि हलगी यांच्याविषयी मी लिहीत नाही, कारण ती वाजवणाऱ्यांबरोबर बसून काम करण्याची संधी मला अजून मिळालेली नाही.

कीबोर्डच्या 'स्टाईल'ची रचना आपल्या वादनाच्या रचनेशी जुळवून घेता येते, हे मात्र मी खात्रीने सांगू शकते. यामाहाच्या स्टाईल फाईलचा पाया साधी मिडी फाईलच असतो. तीत इंट्रो, मेन, फिल, एंडिंग अशा खुणा ठराविक नावांनी केलेल्या असतात आणि कॉर्डला कोणत्या वाहिनीने कसा प्रतिसाद द्यायचा हे सांगणारा एक विभाग सोबत जोडलेला असतो. इंट्रोच्या जागी उठाव, मेनच्या चार प्रकारांत साधा ठेका, भरलेला ठेका, अंतऱ्याचा ठेका आणि लग्गी (जलद, खेळकर बोल), फिलच्या जागी तोडा, एंडिंगच्या जागी तिहाई (तीनदा वाजवून समेवर येणारा तुकडा), अशी मांडणी केली की तबलजी जे करतो तेच क्रमाने करता येते. तोडा लिहिताना एक लक्षात ठेवावे: फिलचे बटण आवर्तनाच्या मध्येच दाबले तर तोडा तिथूनच पुढे वाजतो, आरंभापासून नाही. म्हणून त्याचा उत्तरार्ध एकटाही समेवर नीट उतरेल असा बांधावा लागतो.

तिहाईत नेहमी होणारी चूक गणिताची आहे. केहरव्याच्या आठ मात्रांचे १६ भाग धरले आणि पाच आघातांचा तुकडा तीनदा, मध्ये एकेक भाग सोडून वाजवला, तर पाच अधिक एक, पाच अधिक एक, अधिक पाच, असे १७ भाग होतात. सतरावा आघात पुढच्या आवर्तनाच्या समेवर पडतो, आणि तिहाईचे सगळे सुख त्या एका 'धा'मध्ये असते. एंडिंग एका आवर्तनाची ठेवली तर नेमका तोच कापला जातो आणि ऐकणारा हात उचलून तसाच थांबतो. एंडिंग दोन आवर्तनांची करून दुसऱ्यात फक्त समेचा एक आघात ठेवावा. आरतीत लय चढत जाते, तिचेही भान हवे. आरंभापासून शेवटपर्यंत लिहिलेल्या गाण्यात लय वाढवण्याच्या नोंदी सॉफ्टवेअरमध्ये करता येतात. स्टाईल वाजवताना मात्र ती वाजवणाऱ्यानेच टेम्पोचे बटण हाताशी ठेवून माणसांच्या टाळ्यांमागून वाढवावी. माणसांनी यंत्राच्या लयीत आरती म्हणावी, ही अपेक्षा चुकीची आहे.

आता त्या पत्रलेखक वाचकांच्या मूळ दुःखाकडे येते. वादकाचे काम गेले, हे खरे आहे. मला त्याहून वाईट वाटते ते हे की ज्यांचे हात यंत्रात गेले, त्यांची नावेही गेली. पेन ड्राइव्हमध्ये शेकडो 'रिदम' भरून विकले जातात, एकाच्या मेहनतीची दुसरा नक्कल करतो, आणि त्यातली ढोलकी कोणी वाजवली, त्याला काही मिळाले का, हे कुठेही लिहिलेले नसते. अण्णांनी माझ्यासाठी तीन दुपारी बसून बोल वाजवले. शाळेच्या खर्चातून त्यांना मानधन देता आले नाही, ते मी माझ्या पगारातून दिले, आणि त्यांनी ते घेताना संकोच केला, कारण यंत्रात वाजवलेल्याचे पैसे असतात हे त्यांना कोणी कधी सांगितलेलेच नव्हते. ठेका भरणे हे वादन आहे. ज्याचा हात त्यात आहे त्याला मोबदला आणि नाव दोन्ही मिळाले पाहिजे, आणि फाईलमध्येच नाव लिहिण्याची सोय मिडीत आहे, त्यामुळे जागा नव्हती ही सबब चालणार नाही.

यासाठी मुंबई विद्यापीठाची लोककला अकादमी, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र आणि गोव्याची कला अकादमी यांनी एकत्र बसावे, अशी माझी विनंती आहे. पहिले काम म्हणून आपल्या तालवाद्यांच्या बोलांसाठी एक सामायिक स्वर-तक्ता ठरवावा: तबल्याचे, ढोलकीचे, पखवाजाचे, घुमटाचे बोल कोणत्या क्रमांकावर, याचा. त्याला फार खर्च नाही. चार वादक, दोन प्रोग्रॅमर आणि काही दिवस एवढे पुरे. तक्ता झाला की केहरवा, दादरा, रूपक, झपताल, धुमाळी आणि भजनी हे सहा ठेके जाणत्या वादकांकडून मानधन देऊन वाजवून घ्यावेत आणि शाळांसाठी खुले ठेवावेत. सॉफ्टवेअरसाठी पैसे नाहीत असे कोणी म्हणू नये. हायड्रोजन आणि एलएमएमएस ही ताल भरण्याची साधने विनामूल्य मिळतात आणि शाळेतल्या साध्या संगणकावर चालतात. आमच्या आठवीच्या मुलींनी हायड्रोजनमध्ये दादऱ्याचे 'धा धी ना । धा ती ना' स्वतः भरले आणि त्यांना खाली कुठे असते ते फळ्यावर समजावण्याआधी कानाने समजले.

तोवर माझ्याकडे अण्णांच्या हातचा केहरवा, भजनी आणि धुमाळी यांच्या फाईल, बोलांच्या कागदासह तयार आहेत. ज्या शाळेला किंवा भजनी मंडळाला त्या हव्या असतील, त्यांनी आपल्या कार्यालयामार्फत कळवावे. मी त्या विनामूल्य पाठवीन. फाईलमधले वादकाचे नाव काढू नये आणि त्या विकू नयेत, एवढ्या दोनच अटी आहेत. धुमाळीतल्या शेवटच्या 'तिरकिट'चा जोर मला अजून मनासारखा साधलेला नाही. एखाद्या तबलावादकाने तो दुरुस्त करून परत पाठवला तर सुधारलेली प्रत त्यांचेही नाव घालून सर्वांना देईन.

आपली नम्र,
एक संगीतशिक्षिका, जि. सातारा